शजऱ्यातलं बगदाद आणि रजिस्टरातला पिंजारी

आपल्यातल्या बऱ्याच घरांत ही गोष्ट सांगितली जाते. तीन भाऊ होते, परदेशातून आले. एक दिल्लीत राहिला, दुसरा हैदराबादला गेला आणि तिसरा आपल्या गावी आला. मूळ गाव कुठे बगदाद असतं, कुठे बुखारा, कुठे थेट मदिना. तपशील बदलतात, पण सार तेच असतं : आपण इथले नाही, मोठ्या खानदानातले आहोत.

आजवर या गोष्टीला कोणी कागद मागत नव्हतं. आता मागितला जातो. मुलाला इंजिनिअरिंगला ओबीसी कोट्यातून प्रवेश घ्यायचा असेल, तर जात पडताळणीसाठी वंशावळ द्यावी लागते आणि 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा शोधावा लागतो. 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केल्यापासून तर गावागावात मोडी कागद, जन्म-मृत्यूचं रजिस्टर, शाळेचा दाखला हे शब्द तरुणांच्याही तोंडी आले आहेत. कपाटं उघडली की आपल्याही घराण्याच्या गोष्टी उजेडात येतात. बऱ्याचदा त्या टिकत नाहीत.

आमच्या घरात बगदादची गोष्ट होती. मोठे चाचा ती फार रंगवून सांगायचे. पुढे भावाच्या दाखल्यासाठी पणजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर काढलं, तेव्हा जातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं ‘पिंजारी’. म्हणजे कापूस पिंजणारे, गाद्या भरणारे. त्या एका शब्दावर भावाचं प्रमाणपत्र झालं. चाचा मात्र बरेच दिवस गप्प होते.

पडताळणीचं शास्त्र नवं आहे असं समजू नका. इब्न खल्दूनने 1377 मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिताना वंशावळी तपासायचा एक साधा हिशोब दिला : शंभर वर्षांत साधारण तीन पिढ्या होतात. तो आजही चालतो. पैगंबरांच्या काळापासून सुमारे 1400 वर्षं झाली, म्हणजे शजऱ्यात चाळीस-बेचाळीस नावं हवीत. एखाद्या शजऱ्यात अठराच असतील तर 1400 ला 18 ने भागा. प्रत्येक बाप सरासरी सुमारे 78 व्या वर्षी बाप झाला, असं उत्तर येतं. मधली नावं गळाली म्हणावं, तर मग ती साखळी कोणाच्या भरवशावर जोडली?

दुसरा हिशोब माझ्या धंद्यातला, दोनाच्या घातांकांचा. आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या मागे आठ. वीस पिढ्या मागे गेलं की कागदावर 10,48,576 पूर्वजांच्या जागा होतात. अनेक जागी तेच लोक पुन्हा येतात हे खरं, पण त्यातला एकजण अरब निघाला तरी उरलेल्यांचं काय? शजरा एका रेषेतल्या पुरुषांची नावं सांगतो आणि बाकी सगळ्यांना, विशेषतः बायकांना, पुसून टाकतो.

जनुकांचा अभ्यासही याच दिशेने जातो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या काही मुस्लिम गटांची जनुकं मुख्यतः त्यांच्या बिगरमुस्लिम शेजाऱ्यांशी जुळणारी निघाली. पश्चिम आशियाचा अंश सापडला, पण थोडा. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात भारतीय उपखंडातल्या सय्यद म्हणवणाऱ्या पुरुषांमध्ये अरब वारसा इतरांपेक्षा जास्त दिसला, पण ते सगळे अलीकडच्या काळातल्या एकाच पुरुषाचे वंशज असल्याचा पुरावा मिळाला नाही.

म्हणजे सगळंच खोटं, असंही नाही. कोकणाचं अरबस्तानाशी असलेलं नातं पक्कं आहे. इसवी सन 916 च्या सुमारास प्रवासी अल-मसूदी सैमूरला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलं. त्यात सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादचे लोक होते. पण त्यात त्याने ‘बयासिरा’ही मोजले, म्हणजे मुसलमान आई-बापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेले. अकराशे वर्षांपूर्वीही इथे ‘इथलेच’ मुसलमान होते!

मग या गोष्टी आल्या कुठून? थापा म्हणून हसण्याआधी हे बघायला हवं. मुस्लिम समाजात अश्रफ आणि अजलफ ही उतरंड होती, आणि आहे. विणकराला, कसायाला, पिंजाऱ्याला टोमणे ऐकावे लागत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत या बिरादऱ्या संघटित झाल्या आणि त्यांनी सन्मानाची नावं घेतली. विणकर मोमीन-अन्सारी झाले, कसाई कुरेशी झाले. दर्जी इद्रिसी झाले, कारण परंपरेनुसार हजरत इद्रिस यांनी शिवणकाम सुरू केलं. पिंजारी मन्सुरी झाले. 922 मध्ये बगदादला ज्यांना मृत्युदंड दिला गेला, त्या मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी हे नाव जोडलं जातं. ‘हल्लाज’ या अरबी शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मन्सुरी या नावात पिंजाऱ्याचं काम लपलेलं नाही, उलट त्या कामाला मान दिलेला आहे. तो अपमानाला दिलेला जवाब होता. गडबड पुढच्या पिढ्यांत झाली. मानाचं नाव रक्ताचा दाखला बनलं, आणि ज्या कामाच्या बाजूने ते नाव उभं राहिलं होतं, तेच काम लपवलं जाऊ लागलं.

या लपवण्याची किंमत आपण मोजतो आहोत. शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीच्या रेट्यामुळे महाराष्ट्रात 7 डिसेंबर 1994 चा शासन निर्णय झाला आणि व्यवसायावरून ओळखल्या जाणाऱ्या मुस्लिम बिरादऱ्यांना ओबीसी सवलतींचा रस्ता खुला झाला. पण ज्या आजोबांनी शाळेत नाव घालताना जात म्हणून नुसतं ‘मुसलमान’ किंवा ‘शेख’ लिहिलं, त्यांची नातवंडं आज कागदासाठी वणवण फिरतात. लग्नाच्या बाजारात तर हिशोब रोजचा आहे. मुलगी शिकलेली, मुलगा कमावता, दीन-ईमान पक्का, तरी ‘त्यांचं खानदान आपल्या बरोबरीचं नाही’ म्हणून स्थळ मोडतं. सूरह अल-हुजुरातची तेरावी आयत कौमा आणि कबीले ओळखीसाठी आहेत, श्रेष्ठत्व तकव्यावर आहे, असं सांगते. ती आपल्याला पाठ असते. स्थळ आलं की शजरा काढला जातो.

एक सावधगिरी मात्र हवी. अरबस्तानाची गोष्ट टाकून दुसरी दंतकथा उचलू नका. ‘आम्ही मुळात अमुक राजघराण्यातले’ हाही पुरावा नसलेला दावाच आहे आणि त्यातही विणकर-पिंजारी नकोच असतात. दुसरं म्हणजे, आपण इथलेच आहोत हे सिद्ध झालं म्हणून आपले हक्क पक्के होत नाहीत, ते आधीच पक्के आहेत. संविधानाचं कलम 16 सरकारी नोकरीत धर्म, वंश, जातीबरोबरच कुळावरूनही भेदभावाला मनाई करतं. ज्याचा पूर्वज खरंच ओमानहून चौलला आला, तोही तितकाच नागरिक आहे. वंशावळ शोधायची ती खरं कळावं म्हणून, कोणाला निष्ठेचा दाखला द्यायला नव्हे.

म्हणून या ईदला घरी जाल तेव्हा एक वही घ्या. एका पानावर घराण्यात सांगतात ती गोष्ट जशीच्या तशी लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. ती जपण्यासारखी आहे, आपल्या आधीच्यांना काय बोचत होतं हे तिच्यातून कळतं. समोरच्या पानावर फक्त कागदावर सापडलेलं लिहा : शाळेचं रजिस्टर, तहसील कार्यालयातला गाव नमुना 14, जुने फेरफार, काझींकडचं निकाहाचं रजिस्टर. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा शोधा. मराठवाड्यातल्यांनो, निजामकाळातल्या उर्दू कागदांसाठी घरातल्या उर्दू शाळेत शिकलेल्या मोठ्यांना सोबत घ्या. दोन्ही पानं जुळली नाहीत तर खाडाखोड करू नका.

आणि दादी-नानीला त्यांच्या आईचं नाव, माहेरचं गाव आणि घरातलं काम विचारा. शजऱ्यात त्यांच्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती, आणि रजिस्टरातही त्या क्वचितच सापडतील. त्यांच्या आठवणीत असेल तेवढंच उरलेलं आहे, आणि ते विचारायला आपल्याकडे फार वर्षं नाहीत.