छोटी गिटार, खर्जाचा सूर



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा पेटी, ढोलकी आणि बँजोची असतात. पेटीचा भाता गळतो, ढोलकी चढत नाही, बँजोची तार वारंवार तुटते, असे नेहमीचे प्रश्न. या वेळी मात्र एका माउलीचे पत्र गिटारविषयी आले आहे. वाद्य वेगळे असले तरी दुखणे बऱ्याच घरांतले आहे, म्हणून संपूर्ण सदर त्यालाच देत आहोत.

ताई लिहितात, "मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याला जुन्या बाजारातून छोट्या मापाची इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली होती. तो आणि त्याची धाकटी बहीण मिळून गात असत. वर्षभरात त्याचा आवाज फुटला आणि पार खाली उतरला. आता बहिणीच्या सुरात गायला गेला की गळ्याच्या शिरा ताणतात. त्याने तारा सैल करून सूर खाली आणला, तर तारा खडखड वाजू लागल्या. दुकानदार म्हणाला, ही पोराटोरांची गिटार, हिच्यातून खर्ज निघायचा नाही, मोठी घ्या. तेवढी आमची ऐपत नाही. गिटार कपाटावर गेली. मुलगा म्हणतो, माझाच आवाज खराब झाला. त्याने गाणेच सोडले आहे. काय करावे?"

ताई, सर्वप्रथम मुलाला सांगा की त्याचा आवाज खराब झालेला नाही. तो मोठा झाला आहे. गिटारही खराब नाही. चूक एवढीच झाली की त्याने तार सैल केली, पण तार बदलली नाही.

आपल्याकडील तंबोरा पाहा. पुरुषांचा तंबोरा आकाराने मोठा, त्याच्या तारा लांब आणि जाड. स्त्रियांचा तंबोरा लहान, तारा बारीक. लहान तंबोऱ्याच्या बारीक तारा ढिल्या करून कोणी पुरुष गायकाची साथ करीत नाही. पेटीवाल्याचे काम त्याहून सोपे. गाणारी बाई काळी चारमध्ये गात असेल आणि मागून काळी एकचा गायक आला, तर त्याची बोटे सरकतात आणि काम भागते. वाद्याने गळ्याकडे यावे, गळ्याने वाद्याकडे ओढत जाऊ नये, हा साधा न्याय आहे. गिटारला हा न्याय लावायचा तर थोडी मेहनत करावी लागते, इतकेच.

गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे पेटीच्या भाषेत अशा लागतात : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. सूर चढवायचा असेल तर कॅपो नावाचा चिमटा मानेवर लावता येतो. उतरवण्यासाठी मात्र असा चिमटा नाही. बॅरिटोन गिटारमध्ये सर्व तारा पाच पट्ट्या खाली लावतात. मग त्या होतात पांढरी सात, पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, काळी तीन, पांढरी सात. बोटांच्या जागा त्याच, कॉर्डचे आकार तेच, फक्त सगळे वाद्य खर्जात जाते.

आता दुकानदाराच्या "पोराटोरांची गिटार" या शब्दाविषयी. नटपासून, म्हणजे डोक्याजवळील खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत तारेची जी लांबी वाजते तिला स्केल म्हणतात. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत टेपने मोजा आणि दुप्पट करा, स्केल मिळते. अमेरिकेतील फेंडर कंपनीची १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर २५.५ इंचांची. याच कंपनीने १९५६ मध्ये शिकाऊंसाठी २२.५ इंचांच्या गिटार काढल्या, तेव्हापासून छोटे माप म्हणजे शिकाऊ, असा शिक्का बसला. पण १९६२ मध्ये त्याच कंपनीने जॅग्वार नावाची भारी किमतीची गिटार काढली, तिचे स्केल २४ इंचच होते. १९६४ ची मस्टँग शिकाऊंसाठी म्हणून निघाली आणि पुढे निर्वाणा या बँडच्या कर्ट कोबेनने तीच मोठमोठ्या मंचांवर वाजवली. तेव्हा मापावरून माणसाची आणि वाद्याची लायकी ठरवू नये.

खर्जाच्या गिटार मात्र कंपन्या लांब बनवतात, हे खरे. १९५६ मध्ये डॅनइलेक्ट्रो कंपनीने संपूर्ण सप्तकभर खाली लागणारी सहा तारांची गिटार काढली. १९६१ ची फेंडर बास सिक्स ३० इंचांची होती. आजच्या बॅरिटोन गिटार साधारण २७ ते ३० इंचांच्या असतात. कारण तार लांब असली की ती फारशी जाड न करताही खाली लागते आणि तरी ताठ राहते. आपल्याजवळ लांबी नाही. म्हणून जाडी वाढवायची.

किती वाढवायची? हे गणित शाळेतील मूलही करू शकेल. जाड तार मूळ सुरात सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, पाच पट्ट्या खाली सुमारे ६२ वेळा. म्हणजे तीन चतुर्थांश. तारेवरील ताण मात्र वर्गाच्या हिशेबाने उतरतो : तीन चतुर्थांश गुणिले तीन चतुर्थांश, म्हणजे नऊ सोळांश. जवळजवळ निम्माच! २४ इंचांच्या गिटारवर ४६ गेजची, म्हणजे ४६ हजारांश इंच जाडीची तार मूळ सुरात सुमारे ७ किलोचा ताण धरते. ती पाच पट्ट्या सैल केली की ४ किलोच उरतो. मुलाच्या तारा खडखडल्या त्या यामुळे. गेलेला ताण परत आणायचा तर जाडी चार तृतीयांश पट हवी. ४६ गुणिले ४, भागिले ३, उत्तर ६१ च्या वर थोडे. ६२ गेजची तार बाजारात मिळते आणि तिने ताण पुन्हा ७ किलोच्या आसपास येतो.

बॅरिटोनसाठी १३, १७, २६, ३६, ४६, ६२ असा तयार संच मिळतो. नव्या गिटारच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ आहे. नेहमीच्या बारीक संचात तिसरी तार साधी असते, या संचात ती वेटोळे घातलेली असते, हे पाहून घ्यावे.

आता कामाचा क्रम. उलटसुलट करू नये.

पहिले काम नटचे. ४६ च्या तारेसाठी कापलेल्या खाचेत ६२ ची तार बसत नाही. जोर लावून दाबली तर नट फुटतो, किंवा तार वर अडकून सूर लागतच नाही. खाच बारीक कानशीने रुंद करावी, कानस नसेल तर त्याच जाडीच्या जुन्या तारेवर बारीक पॉलिश पेपर दुमडून घासावे. खाच तारेहून केसभरच रुंद हवी आणि तळ डोक्याच्या बाजूला किंचित उतरता. खोल मात्र करू नये. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पाहावी, पहिल्या फ्रेटवर केसभर फट दिसली की पुरे. शक्य असेल तर जुना नट जपून काढून डबीत ठेवावा आणि नव्यावर काम करावे. उद्या पुन्हा बारीक तारा लावायच्या झाल्या तर तो कामी येतो. खाचेत शिसपेन्सिलीची भुकटी लावली की तार सुरळीत सरकते.

दुसरे काम तारा चढवण्याचे. जाड तार खुंटीच्या भोकातून जाते का, ते आधी पाहावे. बॅरिटोनच्या तारा लांब गिटारसाठी बनतात, म्हणून बरीच तार उरते. ती कापण्यापूर्वी खुंटीपाशी काटकोनात मोडून घ्यावी, मगच पुढचा भाग कापावा. सरळ तार कापली तर वरचे वेटोळे सुटते आणि तार मुकी होते. ही चूक पुष्कळ जण करतात. ब्रिज स्प्रिंगांवर डोलणारा असेल तर त्याच्यामागे लाकडाचा ठोकळा घट्ट बसवून तो स्थिर करावा, नाहीतर एक तार लावताना दुसरी उतरते. सर्व तारा सुरात लावून गिटार रात्रभर तशीच ठेवावी. मानेला नव्या ताणाची सवय होऊ द्यावी.

तिसरे काम मानेचे. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी आणि मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटवर, फट पाहावी. पाव मिलिमीटर फट असावी. फट जास्त असेल तर मानेतील ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा फिरवावा, फट नसेल तर उलट पाव फेरा. पुन्हा सूर लावून पुन्हा पाहावे. रॉड अडला तर हात थांबवावा आणि जाणकाराकडे जावे. येथे घाई केली तर वाद्य कायमचे जाते.

चौथे काम उंचीचे. जाड तार जास्त डोलते, तिला जागा लागते. बाराव्या फ्रेटवर तारेखालची उंची बारीक तारेला पावणेदोन आणि जाड तारेला सव्वादोन ते अडीच मिलिमीटर ठेवावी.

पाचवे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे. जाड तार ताठ असते, त्यामुळे दाबली की ती थोडी चढी बोलते. मोकळी तार सुरात आणि वरचा पडदा बेसूर, असे होते. बाराव्या फ्रेटवर बोट नुसते टेकवून निघणारा नाद आणि तिथेच तार दाबून निघणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला सूर चढा असेल तर त्या तारेचे सॅडल मागे, नटपासून दूर सरकवावे. उतरा असेल तर पुढे घ्यावे. ६२ च्या तारेचे सॅडल बरेच मागे जाते. जागा अपुरी पडली तर त्यामागील लहान स्प्रिंग काढली की थोडी जागा मिळते.

शेवटी पिकअप. जाड तारेच्या बाजूने तो थोडा खाली उतरवावा. लोहचुंबक जवळ असेल तर तारेला ओढतो आणि सूर डळमळतो. छोट्या अँपवर बेस कमी करून मधला आवाज वाढवावा, म्हणजे खर्ज गढूळ होत नाही.

हे सर्व करूनही ३० इंची गिटारसारखा लखलखीत खर्ज निघणार नाही, हे मुलाला आधीच सांगावे. छोट्या स्केलवरील जाड तारेचा आवाज गोल आणि थोडा दबका असतो. काहींना तोच आवडतो. पांढरी सातवर तार फारच ढिली वाटली तर सर्व तारा एक पट्टी वर, पांढरी एकवर लावाव्यात. सोळा वर्षांच्या गळ्याला तेवढा खर्जही कदाचित पुरेल.

ताई, आणखी एक गोष्ट. पांढरी सातवर लावलेल्या या गिटारला पाचव्या फ्रेटवर कॅपो लावला की ती पुन्हा जुन्या सुरात, पांढरी तीनवर येते. म्हणजे भावाच्या गाण्याला मोकळ्या तारा आणि बहिणीच्या गाण्याला पाचव्या फ्रेटवर चिमटा. एकाच गिटारवर दोघांचे गळे बसतील, कोणालाही शिरा ताणाव्या लागणार नाहीत. तेव्हा येत्या सुटीच्या दिवशी गिटार कपाटावरून उतरवा आणि कानस मुलाच्या हाती द्या. त्याला कोणी करून देण्यापेक्षा त्याने स्वतः केलेले बरे. पहिल्या दिवशी नट बिघडला तरी चालेल, नट पुन्हा आणता येतो. मुलाने मनाशी धरलेले "माझाच आवाज खराब" हे वाक्य मात्र लवकर काढून टाकले पाहिजे.

गिटार लागल्यावर दोघांनी काय गायले, ते अवश्य कळवा.