रडारपासून लपवणारं कापड: मेटामटेरियलची परीक्षा नेमकी कशी होते?

आयआयटी कानपूरने २६ नोव्हेंबर २०२४ ला 'अनालक्ष्य' ही प्रणाली जाहीर केली. कापडावर आधारलेलं हे मेटामटेरियल रडारच्या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतं, असं संस्थेचं म्हणणं आहे. अशी बातमी आली की 'अदृश्य विमाना'ची चर्चा सुरू होते. पण एखादं मेटामटेरियल खरंच किती काम करतं, हे ठरवतात कसं?

मेटामटेरियल म्हणजे काय?

साध्या पदार्थाचे गुण त्याच्या अणुरेणूंवरून ठरतात. मेटामटेरियलमध्ये ते प्रामुख्याने रचनेवरून ठरतात. धातूची बारीक वळी, तुटक कड्या, पट्ट्या यांची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा बसवलेली असते. १० गिगाहर्ट्‌झच्या रडारलहरीची लांबी ३ सेंटिमीटर असते आणि नक्षीचा एकेक घटक जेमतेम काही मिलिमीटरचा. त्यामुळे लहरीला सुट्या कड्या जाणवत नाहीत, तर एकसंध पदार्थ जाणवतो.

पाण्याचंही तसंच आहे. त्यात अगणित रेणू असले तरी प्रकाश वाकतो तो १.३३ या एकाच अपवर्तनांकानुसार. मेटामटेरियलसाठी काढलेल्या अशा आकड्यांना 'प्रभावी गुणधर्म' म्हणतात. त्यात दोन आकडे महत्त्वाचे: विद्युत क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद आणि चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद.

हे आकडे मोजतात कसे?

ते थेट मोजता येत नाहीत. नमुना दोन अँटेनांच्या मध्ये ठेवतात. किती लहर परत आली, किती आरपार गेली आणि तिच्या चढउतारांची वेळ किती सरकली, हे नोंदवतात. त्यावरून उलटं गणित मांडून गुणधर्म काढतात. या पद्धतीचा पाया १९७० च्या दशकात साध्या पदार्थांसाठी घातला गेला. २००२ मध्ये डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी ती मेटामटेरियलसाठी वापरली.

मग अडचण कुठे येते?

घड्याळात तीन वाजलेत एवढंच पाहिलं, तर बारा वाजल्यापासून तीन तास गेले की पंधरा, हे कळत नाही. लहरीचंही तेच होतं. ती दर आवर्तनाला मूळ जागी येते. त्यामुळे एकाच मोजणीतून अपवर्तनांकाची अनेक उत्तरं निघतात. खरं उत्तर शोधायला पातळ नमुना घेतात, वेगवेगळ्या जाडीचे नमुने तपासतात किंवा वारंवारता थोडी थोडी बदलत उत्तर सलग राहतं का, ते पाहतात.

आकड्यांवरून वादही झाला होता

अपवर्तनांक ऋण असू शकतो, असं सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हिक्टर वेसेलागो यांनी १९६७ मध्ये मांडलं होतं. २००१ मध्ये सॅन डिएगोच्या शास्त्रज्ञांनी मेटामटेरियलचा प्रिझम करून लहर नेहमीपेक्षा उलट्या बाजूला वळवली आणि १०.५ गिगाहर्ट्‌झला उणे २.७ हा आकडा दिला. पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतले. २००३ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळांनी स्वतंत्र प्रयोग केले, तेव्हा ऋण अपवर्तन मान्य होत गेलं.

९९ टक्के शोषण म्हणजे किती अदृश्य?

समजा, एखाद्या लक्ष्यावरून रडारकडे परतणारी ऊर्जा ९९ टक्क्यांनी घटली. जे रडार आधी ते १०० किलोमीटरवरून टिपत होतं, ते आता साधारण ३२ किलोमीटरवरून टिपेल. कारण परतणारा सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात क्षीण होतो. ९० टक्के घट असेल, तर हे अंतर सुमारे ५६ किलोमीटर राहतं. थोडक्यात, लक्ष्य गायब होत नाही, उशिरा दिसतं. लढाईत मात्र तेवढा उशीरही मोलाचा ठरतो.

शिवाय हा आकडा कोणत्या वारंवारतेला आणि कोणत्या कोनातून मोजला, यावर बरंच अवलंबून असतं. समोरून लहर परत आली नाही म्हणजे ती शोषलीच गेली, असंही नाही. ती दुसऱ्या दिशेला विखुरलेली असू शकते आणि तिथे ठेवलेल्या रिसीव्हरला ती सापडते.

म्हणून 'अदृश्य' हा शब्द दिसला की तीन गोष्टी तपासायच्या: वारंवारतेचा पट्टा, कोन आणि स्वतंत्र चाचणी. यांशिवाय टक्केवारी अर्धवटच राहते.