लेकराच्या पोटातली मूळकूज



गोंदिया धानाचा आणि तलावांचा जिल्हा, तुम्ही कापूस-ज्वारीवाले. पण देवरी तालुक्यातल्या एका बैठकीत जे ऐकले ते तुमच्याही घरचे आहे. धानाच्या भावाचे बोलणे संपले आणि मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली, "भाऊ, पोरगं दोन्ही वेळ जेवते, अंगणवाडीतलंही खाते, पण वजनाचा काटा काही हालत नाही. खाल्लेलं जाते कुठं?"

मी शेतकी पदवीचा माणूस, डॉक्टर नव्हे. तरी हा प्रश्न कपाशीवाल्याला कळायला हवा. मूळकूज लागलेल्या झाडाला डीएपीचे पोते ओतले तरी ते पिवळेच राहते. सरकार लेकराला खिचडी देते, तोलते, वहीत नोंदवते. मुळाकडे कोण पाहतो?

जठरात राहणारा एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियाच्या वॉरेन आणि मार्शल यांनी तो 1982 मध्ये शोधला, 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आम्लात तो जगतो कसा? शेतात टाकलेल्या युरियाचा अमोनिया करणारे युरिएज नावाचे विकर जमिनीत असते. तेच विकर या जंतूजवळ आहे. अमोनिया करून तो भोवतीचे आम्ल मारतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच लागतो, घरातल्या घरात, उष्ट्यातून, विष्ठेच्या हातातून, दूषित पाण्यातून.

पुष्कळांना तो आयुष्यभर काही करत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण आम्ल हे पोटाचे राखणदार. ते कमी पडले की हगवणीच्या जंतूंना वाट मोकळी होते आणि अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही. ज्वारीतले लोह आधीच कमी शोषले जाते. आफ्रिकेतल्या गांबियात तान्हेपणी हा जंतू लागलेल्या बाळांची वाढ मागे पडलेली दिसली. दुसरीकडच्या अभ्यासांत तसे स्पष्ट दिसले नाही. तेव्हा सारा दोष या एकट्यावर घालू नका. वारंवारची हगवण, जंत, रोज पोटात जाणारी घाण, सगळे मिळून आतड्याचे शोषण बिघडवतात.

म्हणून लगेच गोळ्या आणायला धावू नका. त्रास नसलेल्या मुलाची तपासणी करून औषध देऊ नये, असेच बालरोगतज्ज्ञांचे मत आहे. गरज असेल तिथे दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध बहुधा दोन आठवडे, डॉक्टरच्या देखरेखीत घ्यावे लागते. चार दिवसांत सोडले तर काय होते, ते बोंडअळीवर पायरेथ्रॉइड मारून आपण शिकलो आहोत. भारतात या जंतूवर मेट्रोनिडाझोल आधीच फारसे चालत नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, पोट सतत दुखत असेल, तर मात्र डॉक्टरला या जंतूबद्दल जरूर विचारा.

मुळाचा इलाज पाण्यात आणि संडासात आहे. 2004 च्या सुमारास अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत संडास मोहिमेचा प्रयोग ठरला. सरकारने तो प्रत्यक्षात केला फक्त अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात. (दोन जिल्हे कागदावरच. आपल्याला नवल नाही.) जिथे मोहीम झाली त्या गावांतली मुले इतर गावांतल्या मुलांहून उंच निघाली, चार वर्षांच्या मुलात साधारण सेंटिमीटरभर. पुढे बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या प्रयोगांत मात्र संडास आणि पाण्याची औषधे देऊनही उंची वाढली नाही. मी याचा अर्थ असा घेतो की घरटी एक खड्डा आणि बाटली वाटून भागत नाही. अख्ख्या गावाची घाण थांबली पाहिजे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले, आपल्याच मुलखातले. झाडू त्यांनी उगाच उचलला नव्हता.

2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुले वयाच्या मानाने ठेंगणी निघाली. त्याच सुमारास, 2021 पासून, पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीतले 60 टक्के पाणी व स्वच्छतेसाठी राखले होते. पुढच्या ग्रामसभेत त्या पैशाचा हिशेब मागा. विहिरीत ब्लिचिंग पावडर शेवटची कधी पडली ते विचारा, आणि ओटी चाचणी सर्वांसमोर करायला लावा. पाणी पिवळे झाले नाही, तर तसे इतिवृत्तात लिहून घ्या.