मोरीचा उतार

‘न्हाणीघर नवं करून घ्या’ असा सल्ला देणाऱ्याला त्याच न्हाणीघरात महिनाभर आंघोळ करायला लावावी, असा कायदा हवा.

आमची जुनी मोरी शहाबादी फरशीची. दिसायला गचाळ, पण बादली उपडी केली की पाणी निमूटपणे जाळीकडे जायचं. ती फोडून आम्ही चकचकीत टाइल्स बसवल्या. आता पाणी जाळी सोडून कुठेही जातं, विशेषतः दाराकडे.

माझं भांडण टाइल्सच्या रंगाशी नाही. (ते सौ.शी झालं, आणि मी हरलो.) भांडण उताराशी आहे. चार फुटांत पाऊण इंच, एवढाच हिशेब! शिवाय टाइल्सआधी दोन दिवस पाणी कोंडून गळती पाहायची. गवंडी म्हणाला, “साहेब, वीस वर्षं हेच करतोय.” करत असेल, पण वीस वर्षांत स्वतः केलेल्या मोरीत त्याने एकदा तरी आंघोळ केली का?

आणि मी! कॅशमध्ये रुपयाची तफावत असली तर बँकेतून न हलणारा मी, बादलीभर पाणी न ओतता शेवटचा हप्ता मोजून मोकळा झालो. पाहुण्यांना आपण टाइल्स दाखवतो हो, उतार कोण दाखवतो?

परवा पंच्याहत्तरीची आई घसरली. नळ हाती लागला म्हणून वाचली. तरी रोज खराट्याने पाणी लोटते. नको म्हटलं तर म्हणते, “मग त्याला वाट कोण दाखवणार? तू?”

काल खालच्या मजल्यावरचे काका वर आले. बाहेर कडक ऊन, आणि काकांच्या हातात ओली छत्री.