तिच्या भांड्यातलं पाणी

१ सप्टेंबर २०२३ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. पुढच्या जूनमध्ये वडीगोद्रीत ओबीसींचं उपोषण बसलं. दोन्ही गावं आमच्या शहागडच्या शेजारची. तेव्हापासून हॉटेलात शिरण्याआधी मालकाचं आडनाव आठवणारी माणसं मी पाहते आहे. आरक्षणाचा प्रश्न सनदशीर मार्गानं सुटावा, इतकंच मी म्हणेन. पण वर्षानुवर्षं बांधाला बांध लावून शेती केलेल्यांनी एकमेकांकडचा चहा टाळावा, हे मला बघवत नाही.

मी ख्रिस्ती आहे. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे लहानपणापासून ऐकत आले. ही प्रीती आपण बहुतेक वेळा देण्यापुरतीच धरली: धान्य दिलं, कपडे दिले, प्रार्थना केली. योहानाच्या शुभवर्तमानात येशू विहिरीवर बसलाय, दमलाय, आणि शोमरोनी बाईजवळ पाणी मागतो. तीही चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. आधी मागणं, तेही तिच्याच भांड्यातलं. देणारा वरच्या पायरीवर राहू शकतो. मागणाऱ्याला खाली उतरावंच लागतं.

आपल्या मुलखात हा प्रश्न ताटा-पाण्यावरच अडला होता. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टानं त्याला वडिलांकडे परत पाठवलं, तेव्हा ख्रिस्त्यांत राहून-जेवून आलेल्या या पोराला जातीत घ्यावं की नाही यावरून मुंबई पेटली. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी स्वजातीयांचा रोष पत्करला. ते हिंदू होते आणि हिंदूच राहिले. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

नारायणराव पुढे आमच्या जालन्याकडे आले. जालन्याजवळ, निजाम सरकारनं दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल वसवलं, ते मुख्यतः मांग-महार समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी. लक्ष्मीबाई टिळकांचं तर घरातलंच उदाहरण. कडक सोवळ्यात वाढलेल्या या बाईनं बाप्तिस्मा घ्यायच्या आधीच, राहुरीला असताना, कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना मी त्या पानांवर दर वेळी थांबते. धर्म बदलण्याआधी त्यांनी माणसाशी वागणं बदललं.

आम्हा ख्रिस्त्यांत मात्र जात अजून आहे. स्थळ आलं की आधी प्रार्थना होते, मग हळूच कुणीतरी विचारतं, “मूळचे कोण हो ते?” हे विचारणारे चर्चमध्ये पहिल्या ओळीत बसतात. मराठा-ओबीसींना एकत्र बसा असं सांगायला जाण्याआधी हा प्रश्न आपल्या बैठकीतून उठवावा लागेल. मी माझ्या घरापुरता तो उठवला आहे. सोयरीक जुळवताना मुलाचं शिक्षण, कामधंदा, व्यसन विचारते. त्यापलीकडे कुणी गेलं, तर सगळ्यांसमक्ष थांबवते. नातेवाईक रागावतात. रागावू देत.

नाताळात आम्ही करंज्यांची ताटं घरोघर पाठवतो. यंदा पाळकांना मी सुचवलंय की ताटं पाठवावीतच, पण त्या आठवड्यात प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबानं एका मराठा आणि एका ओबीसी घरी स्वतःहून सांगून जेवायला जावं. जे शिजलं असेल ते, त्यांच्याच पंगतीत.