पाच पुलांची धाव

तंजावरात राहता आणि लांब पल्ला धावायचाय? मग पहाटे मराठ्यांच्या राजवाड्यापासून उत्तरेला तिरुवैयारूचा रस्ता धरा. अंतर सुमारे 12 किलोमीटर. वाटेत ओळीने पाच नद्या लागतात: वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. तिरुवैयारू या नावाचा अर्थच पवित्र पाच नद्या!

आपला दम या पुलांवरच मोजा. मात्र जेवढं जाल तेवढंच परत यायचंय, तेही चढत्या उन्हात. म्हणून नवख्यांनी वेण्णारच्या पुलावरूनच मागे फिरावं. ते अंतर अंगवळणी पडलं की एकेक पूल वाढवा. कावेरी गाठाल त्या दिवशी काठावरच्या त्यागराजांच्या समाधीपाशी घटकाभर बसा. आणि परतीला? खुशाल बस पकडा!