कोंदणाचंही ऐका

वडिलोपार्जित अंगठीत पाचू बसवायचा असेल, तर ज्योतिषाची चिठ्ठी, घरचे जावई आणि स्वतःची हौस या तीन गोष्टी दुकानाबाहेर ठेवाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारीण परवडली. ती निदान फुकट सल्ला देते आणि निघून जाते.

पहिली ती चिठ्ठी. मुलीसाठी आजीची अंगठी दुरुस्त करायची ठरली, तर चिठ्ठीत लिहून आलं : बुधासाठी सव्वापाच रत्ती, करंगळीत. आजीच्या अंगठीचं कोंदण तुरीच्या दाण्याएवढं. त्यात टपोऱ्या हरभऱ्याएवढा खडा मावणार कसा? सराफाकडे उत्तर तयार होतं, "अंगठी मोडीत घेऊ की, नवी करून देतो." म्हणजे टोपी डोक्याला बसत नाही, तर डोकंच बदला!

बरं, ही रत्ती तरी एक असावी? रत्ती म्हणजे आपली गुंज, तोळ्याला ९६. पण खड्यांच्या बाजारात तिचं माप दुकानागणिक बदलतं. त्यापेक्षा वजन कॅरटमध्ये विचारावं. ५ कॅरट म्हणजे १ ग्रॅम, मग दुकान जयपूरचं असो की पॅरिसचं. आणि बुधाचं म्हणाल, तर तो ८८ दिवसांत सूर्याभोवती चक्कर मारतो. एवढ्या घाईतल्या माणसाला आमच्या पोरीची करंगळी मोजायला सवड कुठली?

ही अंगठी मोडू नये म्हणून मी का भांडतोय, तेही सांगतो. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या भल्याभल्या घरच्या बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेल्या. आजीही गेली. तिथंच अंगठीतला खडा उडाला. मुकादमानं तो खडीतच मोजून घेतला असणार. आमचा पाचू आज कुठल्याशा डांबराखाली आहे. रस्त्याला मात्र बुध काही पावलेला दिसत नाही. त्या वर्षी आजीच्या पाटल्या गेल्या, गोठ गेले. ही अंगठी तिनं राखली, आणि पुढं रिकाम्या कोंदणानिशी मरेपर्यंत घातली. जी अंगठी दुष्काळात मोडली नाही, ती सुकाळात एका चिठ्ठीपायी मोडायची?

आता घरचे जावई. आमचे दाजी म्हणतात, "खडा निर्दोष पाहिजे, आत रेघसुद्धा नको." अहो दाजी, पाचूच्या पोटात रेघा, भेगा, ढग असायचेच. फ्रेंच जवाहिरे त्याला कौतुकानं बाग म्हणतात. निर्मळ पोटाचा पाचू असतो, पण त्याच्या किमतीत शेत येईल. निर्मळ, हिरवागार आणि वर स्वस्त असा खडा दिसला, तर ती काच तरी असते नाहीतर प्रयोगशाळेत वाढवलेलं बाळ. म्हणून खड्याबरोबर तपासणीचा दाखला मागावा. बहुतेक पाचूंच्या भेगांत तेल मुरवलेलं असतं. मुरवण्यात लबाडी नाही, न सांगण्यात आहे. गरम पाण्यानं आणि धुण्याच्या यंत्रानं ते तेल निघतं नि भेगा उघड्या पडतात, हेही दुकानदारानं सांगायला हवं. पाचू कडक खरा, पण ठिसूळ. जुनं बंद कोंदण त्याच्या कडा सांभाळतं. ते मोडून चार नख्यांवर खडा उभा करणं म्हणजे म्हाताऱ्याला कठड्यावर बसवणं.

राहिली हौस. ती दुकानातल्या दिव्याखाली उफाळून येते, कारण त्या दिव्याखाली पालकसुद्धा पाचू दिसेल. खडा घेऊन उजेडात यावं. आम्ही चितेगावचे. पैठण रस्त्यावरच्या आमच्या गावाचं नाव व्हिडिओकॉनच्या टीव्हीमुळं एकेकाळी देशभर झालं. पडद्यावरचा रंग आणि उन्हातला रंग यांतला फरक तरी आम्हांला कुणी शिकवू नये.

तेव्हा खडा कोंदणासाठी शोधावा, खड्यापायी कोंदण बळी देऊ नये. लहान असू द्या, पोटात रेघ असू द्या, पण खरा असू द्या. आम्ही तसाच घेतला, पाऊण कॅरटचा. तुरीच्या दाण्यात चपखल बसला.

दाजींना हे पटलेलं नाही. त्यांनी स्वतःसाठी सव्वापाच रत्तीचा घेतलाय : निर्मळ, हिरवागार आणि अगदी स्वस्त. मी काही बोललो नाही. घरचे जावई आहेत.